दीड बोटाची मूठ

आमच्या घरात कौतुकाचे दोन शब्द होते आणि त्यातला एक खोटा होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांकडच्या चहाला, शेजारणीच्या नव्या पडद्याला आणि माझ्या बारावीच्या निकालाला ‘छान आहे’ म्हणाले होते. ‘छान आहे’ म्हणजे विषय संपला. मनापासून पटलेल्या गोष्टीला ते ‘बरोबर आहे’ म्हणायचे. हा शब्द त्यांनी कंपनीतून घरी आणला होता. पार्ट मापात बसला तर बरोबर, नाही बसला तर भंगार, मधलं काही नाही. आईच्या येसराच्या आमटीला इतक्या वर्षांच्या संसारात चार-दोनदाच ‘बरोबर’ मिळालं असेल आणि ते दिवस तिला अजून पाठ आहेत. आत्मकथन लिहायचं माझं वय नाही, हे मला मान्य आहे. तिशी नुकती ओलांडली आहे. पण वय झालेले लोक आमच्या कारखान्यांच्या पट्ट्याबद्दल लिहितात तेव्हा उड्डाणपूल आणि कंपन्यांच्या पाट्या मोजतात. त्या पाट्यांच्या आत कुणाचे हात चालतात ते कुणी लिहीत नाही. म्हणून मी एका हाताबद्दल लिहिते, आणि तो हात बघायला मला स्वतःला किती उशीर झाला त्याबद्दलही.

निगडीच्या पुढे रुपीनगरात आम्ही वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. खाली घरमालकाचं वर्कशॉप होतं. त्यात एक लेथ आणि पत्रा ठोकून आकार देणारा एक छोटा प्रेस. सकाळी आठला प्रेस सुरू झाला की आमच्या फडताळातली स्टीलची भांडी त्याच्या ठोक्यावर हलकी वाजायची. आई त्याच ठोक्यावर भाकरी थापायची. प्रेस बंद पडला की तिचा हात चुकायचा, अशी आमची घरातली चेष्टा होती. खालून लेथवर ओतायच्या कूलंटचा तेलकट वास यायचा, वर चुलाण्यासारख्या तापलेल्या तव्यावरचा ज्वारीचा. आई-अण्णा भूम तालुक्यातले. गाव सोडून पंचवीस वर्षं झाली तरी आईची बोली सुटली नाही आणि शेंगदाण्याच्या चटणीतला लसूण कमी झाला नाही. आमच्याकडे रविवार गुरुवारी यायचा. पट्ट्यातल्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून घरं गुरुवारी भरायची, मटणाच्या दुकानासमोर रांग गुरुवारी, आणि माणसं दाढी करून स्वच्छ शर्ट घालून बाहेर बसायची तीही गुरुवारी. शाळेत आम्हाला बाई रविवारबद्दल निबंध लिहायला सांगायच्या तेव्हा मी गुरुवारबद्दल लिहायची आणि गुण कापून घ्यायची.

गुरुवारी दुपारी जिन्यात पेरू कापले जायचे. ही अण्णांची प्रथा. तळेगावकडून शेळकेमामा यायचे. ते अण्णांच्याच कंपनीत, एकाच लाइनवर, मूळचे मावळातले. येताना गाडीच्या डिकीत घरच्या झाडाचे पेरू घेऊन यायचे. अण्णा तिसऱ्या पायरीवर बसायचे आणि खिशातून घडीचा चाकू काढायचे. गावाकडच्या बाजारातून लग्नाच्याही आधी घेतलेला, चार इंची पात्याचा, मुठीच्या दोन्ही अंगांना शिंगासारख्या दिसणाऱ्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या. अंगठ्याच्या नखानं पातं उघडायचे, पेरू तळहातावर फिरवत आठ फोडी करायचे, मधे तिखटमीठ भरायचे आणि फोड पात्याच्या टोकावर धरून पुढे करायचे. पहिली फोड जमलेल्यांत सगळ्यात लहान असेल त्याला. मी खूप वर्षं सगळ्यात लहान होते. पात्यावरून फोड उचलताना बोट धारेला लागेल अशी भीती वाटायची आणि कधीच लागलं नाही, कारण तो हात तसूभरही हलायचा नाही.

मग तो हात कंपनीतल्या प्रेसमध्ये गेला. याला मी अपघात म्हणणार नाही. प्रेसच्या तोंडाशी एक सेन्सर असतो, हात आत आहे तोवर मशीन खाली येत नाही. सेन्सर असला की काम हळू होतं. हळू काम साहेबांना चालत नव्हतं, म्हणून सेन्सरवर टेप मारून ठेवला होता. टेप लावणारा ऑफिसात राहिला आणि अण्णा तीन महिन्यांनी स्टोअरमध्ये खुर्चीवर बसायला गेले. घरात त्याबद्दल बोलणं झालं नाही. अण्णांचा उजवा हात पॅन्टच्या खिशात गेला तो गेला. जेवताना ते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. गुरुवारी शेळकेमामा यायचे, पेरू आणायचे, आणि आई ते आत नेऊन विळीवर चिरून ताटलीतून बाहेर पाठवायची. पेरू तोच, मीठ तेच. पण जिन्यात ताटली फिरायला लागली की माणसं दहा मिनिटांत उठायची. आधी दिवे लागेपर्यंत बसायची.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि एका कामगार संघटनेची पत्रकं लिहीत होते. पत्रक लिहिणं मला लवकर जमलं. पहिल्या ओळीत माणूस थांबला पाहिजे, दुसऱ्या ओळीत चिडला पाहिजे, चौथ्या ओळीत त्याला सभेची वेळ कळली पाहिजे. प्रेसमध्ये बोटं गेलेल्यांसाठी आम्ही चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर सभा घेतली, तेव्हा पत्रकाची पहिली ओळ मी लिहिली: ‘या हाताकडे पाहा. माझ्या वडिलांची दोन बोटं कंपनीनं खाल्ली.’ लोक थांबले. चिडलेही. अण्णांना मी विचारलं नव्हतं. उरलेला गठ्ठा घरी कॉटखाली ठेवला होता, त्यातलं एक त्यांनी वाचलं. मी भांडणाची तयारी करून बसले होते. त्यांनी पत्रक घडी करून परत गठ्ठ्यावर ठेवलं आणि म्हणाले, “छान आहे.”

चाकू मोडला तो आईच्या हातून. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना म्हणून तिनं कपाटातून तो काढला आणि मूठ झाकणाखाली घालून जोर दिला. उजव्या अंगाच्या प्लास्टिकच्या पट्टीचे कडकन दोन तुकडे झाले. आई चाकू पदराखाली घेऊन माझ्याकडे आली. “वैशे, त्यांना सांगू नको बरं. गुपचूप दुकानातून बसवून आण.” मी निगडीच्या बसस्टँडजवळ धारवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “ताई, हे सोडा, नवीन घ्या. याची पट्टी कोण करून देणार?” मला असल्या उत्तराचा राग येतो. माणूस मोडला तरी हेच म्हणतात. मी चाकू घेऊन परत आले आणि आईला सांगितलं, पट्टी मी करते.

केली. मनात खूप अर्थ घालून केली, तिथंच चुकलं. साधं लाकूड मला चालणार नव्हतं. गेटच्या सभेत मी धरलेल्या फलकाची काठी माझ्याकडे होती, तिचाच तुकडा घेतला. मोडक्या पट्टीचे दोन तुकडे कागदावर जोडून आकार काढला, हॅक्सॉनं कापला, खालच्या वर्कशॉपमधून मागून आणलेल्या कानशीनं घासला. छिद्रं पाडली, पितळी तारेच्या खिळ्या ठोकल्या, दोन ट्यूबांचा गोंद कालवून पट्टी बसवली. आणि मग कंपासच्या टोकानं आणि गॅसवर तापवलेल्या दाभणानं तिच्यावर एक वळलेली मूठ कोरली. आमच्या संघटनेच्या झेंड्यावर होती तशी. चार दिवस गेले त्या मुठीत. पाचही बोटं वेगवेगळी दिसली पाहिजेत म्हणून अंगठ्याची कड तर मी दोनदा गिरवली.

गुरुवारी शेळकेमामांच्या समोर मी चाकू अण्णांच्या पुढे ठेवला. मामा म्हणाले, “आरं वा. पोरगी कारागीर निघाली की.” अण्णांनी डाव्या हातानं चाकू उचलला. उलटा केला, सुलटा केला. कोरीव मुठीवर त्यांचा अंगठा एकदा फिरला. “छान आहे,” ते म्हणाले आणि चाकू शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. त्या दिवशीही पेरू विळीवरच चिरले गेले. दोन दिवसांनी चाकू मला लोखंडी कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीखाली सापडला.

मी संतापले. संतापायला मला फार वेळ लागत नाही, अजूनही लागत नाही. आई परातीत कणीक तिंबत होती, तिच्यासमोर मी भाषण सुरू केलं. चार दिवस घासलं, हाताला फोड आले, आणि यांनी कपाटात घातला. माणसानं किती दिवस तोंड लपवून बसायचं? ज्यानं लाजायचं तो ऑफिसात बसलाय, आणि आपण लाजायचं का? आईनं मला पूर्ण बोलू दिलं. तिला पत्रकं ऐकायची सवय होती. मग कणकेचा हात न थांबवता म्हणाली, “पाच बोटं काढलीस की त्याच्यावर.”



“आनि धरायचा कसा त्यांनी?” आई म्हणाली. “तू तुझ्या हातात धरून बघितलास. मी बघायलेव ना चार दिवस. धरायलीस, बघायलीस, घासायलीस. समदं तुझ्याच हातात. त्यांचा हात बघितलायस का कधी?”

या हाताकडे पाहा, असं हजार कागदांवर छापणारी मी. त्या हाताकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. बँडेज बांधलेलं होतं तेव्हा नाही, सुटलं तेव्हाही नाही. ते भिंतीकडे तोंड करून जेवायचे ते लाजेनं, असं मी धरून चालले होते. आज विचार करते तेव्हा वाटतं, निम्मी सोय ते आमची करत होते. आम्हाला बघावं लागू नये म्हणून.

अण्णा संध्याकाळी कामावरून आले, चहा प्याले. मी समोर जाऊन बसले आणि सरळ म्हणाले, “अण्णा, पट्टी चुकली. मापच घेतलं नव्हतं. हात द्या.” सरळ बोलण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. त्यांनी रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाले, “माप कशात घेणार?” हे मी ठरवलंच नव्हतं. आईनं परातीतला कणकेचा गोळा तोडला आणि आमच्या मधे ठेवला. “ह्याच्यात घ्या. पर वाया घालवायची नाही. नंतर गाईला टाकीन.”

कपाटातून चाकू आणून त्याची मूठ मी कणकेत लपेटली. अण्णांनी उजवा हात खिशातून काढला आणि ती धरली, पेरू कापताना धरायचे तशी. मी पाहिलं. अंगठ्याजवळचं बोट बुडापासून नव्हतं, तिथली कातडी गुळगुळीत, लहान मुलाच्या गुडघ्यासारखी. मधलं बोट मात्र निम्मं होतं. आणि ते हलत होतं. कणकेत ते एकटंच जोर लावून रुतत होतं, बाकीच्या दोघांपेक्षा खोल.

“तू पत्रकात दोन लिहिलीस,” अण्णा म्हणाले. आवाज नेहमीचाच, स्टोअरमध्ये मालाची नोंद दुरुस्त करावी तसा. “दोन नाहीत. दीड. मधल्याचं मूळ जितं आहे. सगळं काम तेच करतंय.”

त्या पत्रकाबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते, आणि तक्रार एवढीच होती की माप चुकलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं असं मी इथं लिहिलं तर आई वाचून हसेल, कारण ती तिथंच होती आणि मी प्रत्यक्षात भांडायला लागले होते, की मग तेव्हाच का नाही सांगितलं. “विचारलंस का?” ते म्हणाले. विषय संपला. या वेळी खरा संपला.

त्यानंतरचे दोन आठवडे मला घरातले सगळ्यात चांगले दिवस म्हणून आठवतात. अण्णांनी कपाटातून त्यांची व्हर्निअर काढली, केसाएवढं माप दाखवणारी स्टीलची पट्टी, जी त्यांनी प्रेसवरून उठल्यापासून हातात घेतली नव्हती. कणकेतल्या प्रत्येक खळग्याची खोली त्यांनी मोजली आणि मी वहीच्या पानावर लिहून घेतली. जुनी पट्टी काढायला आईचं उलथनं तापवून मुठीला लावावं लागलं, तेव्हा गोंद सुटला. आईनं ते उलथनं तीन वेळा घासलं आणि तीनही वेळा आमच्याकडे बघत घासलं. फलकाची काठी अण्णांनी बाद केली. “खोक्याचं लाकूड आहे ते. घाम पितं, फुगतं.” शेळकेमामांना फोन गेला. ते पुढच्या गुरुवारी चिंचेच्या लाकडाची एक जाड चीप घेऊन आले. “खाटकाचा ओंडका चिंचेचाच आस्तोय,” मामा म्हणाले. “धा वर्सं घाव खातोय पर चिरत न्हाई. माझ्या चुलत्याचा व्हता. त्यातली काढली.”

चिंच कानशीला सहज वळत नाही. मी घासायची, अण्णा पायरीवर बसून आवाज ऐकायचे. ते बघायचेही नाहीत, ऐकायचेच. “पुढं जाताना दाब, मागं येताना उचल. चाकरी करायलीस का कानशीची? ती तुझं काम करते.” एका अंगाला पट्टी पातळ, अंगठ्याला टेकायला एक कंगोरा. दुसऱ्या टोकाला, गेलेल्या बोटाच्या जागी, तळहातापर्यंत पोचणारा फुगवटा. आणि त्या दोन्हींच्या मधे, मधल्या बोटाच्या मुळासाठी, एक खळगा. तो खळगा सात वेळा कोरला. प्रत्येक वेळी ते बोट घालून बघायचे आणि म्हणायचे, “नाही.” पातं फिरतं त्या सांध्यात आधी तेल सोडायचं, नाहीतर गोंद आत शिरून चाकू कायमचा मिटतो, हे त्यांनी सांगितलं. शेवटी आईनं गावाकडून आलेलं जवसाचं तेल दिलं आणि दोन दिवस ते लाकडात मुरवलं. तयार झालेली पट्टी कुठल्याही दुकानात ठेवण्यासारखी नव्हती. एका बाजूनं फुगलेली, दुसरीकडून बसलेली, गांधील माशी चावल्यासारखी. माझ्या हातात ती बसायचीच नाही. कुणाच्याच बसायची नाही.

पट्टी बसवली तोवर तिसरा गुरुवार आला. मी त्याच आठवड्यात नव्या सभेसाठी पत्रक लिहिलं होतं आणि त्यात ‘दीड बोट’ घातलं होतं. संघटनेतले लोक म्हणाले, “ताई, ‘दोन’च ठेवा, ‘दीड’ ऐकायला हलकं वाटतं.” मी म्हणाले, “कुणाला हलकं वाटतं? ज्याचं गेलं त्यानं मोजलंय.” कागद अजून छापायला दिला नव्हता. माझ्या पिशवीत होता.

दुपारी अण्णा तिसऱ्या पायरीवर बसले. शेळकेमामा, घरमालक, समोरच्या खोलीतली नवीन आलेली परभणीची जोडी आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी, एवढे जण होतो. आई सवयीनं विळी घेऊन दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. अण्णांनी खिशातून उजवा हात काढला तेव्हा त्यात चाकू होता. पातं नखानं उघडलं. पहिल्या पेरूला पातं वाकडं गेलं. फोड एकीकडे जाड, एकीकडे कागदासारखी झाली.

मामांनी ती उचलून उजेडात धरली. “अण्णा, ही फोड हाय का दाराला लावायची पाचर?”

“खा गप,” अण्णा म्हणाले. “फुकटचं खाऊन नावं ठेवायलास.”

“नावं न्हाई ठेवत राव. दार करकरतंय घरचं, म्हनून इचारलं.”

घरमालक हसायला लागले, मग सगळेच. दुसरा पेरू बरा झाला. तिसऱ्याला अण्णांनी मूठ जरा मागं घेतली, मधल्या बोटाचं मूळ खळग्यात बसलं, आणि पेरू पुन्हा तसाच फिरायला लागला, आठ फोडी, एकसारख्या. परभणीच्या मुलीपुढे पात्याच्या टोकावर फोड आली. तिनं आधी हाताकडे पाहिलं. लहान मुलं पाहतात तसं, जवळ येऊन, मान तिरकी करून. अण्णांनी हात मागे घेतला नाही. तिला हवं तेवढं पाहू दिलं. तिचं पाहून झालं आणि तिनं फोड उचलली. आई विळी घेऊन आत गेली.

दिवे लागेपर्यंत कुणी उठलं नाही. शेवटी मीच पिशवीतून पत्रक काढलं आणि न विचारता छापलं होतं त्या वेळची चूक आठवून अण्णांपुढे धरलं. त्यांनी चाकू पुसला, मिटला, खिशात ठेवला. कागद गुडघ्यावर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून उजवा हात त्यावर सगळ्यांसमोर ठेवून पहिल्या ओळीपासून सभेच्या वेळेपर्यंत सावकाश वाचला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “छाप आता.”